हात मोकळे ठेवणारी ऊब

पुण्याची थंडी सकाळी दहाला संपते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ११-१२ अंशांवर असतो, एखादी लाट आली तर ८-९ पर्यंत उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ३० अंशांच्या उन्हात आपण सावलीची बाजू बघून चालत असतो. थंडीचे कपडे निवडताना ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. दुकानात शिरलो की काश्मीरला निघाल्यासारखे आपण जाड बाह्यांचं काहीतरी उचलतो. मग दहानंतर ते दिवसभर हातावर, गाडीच्या हुकला किंवा ऑफिसच्या खुर्चीच्या पाठीवर लटकत राहतं.

गेले काही हिवाळे मी बिनबाह्यांचं, आत भरण असलेलं जाकीट वापरतो आहे. दुकानदार त्याला हाफ जॅकेट म्हणतात. माझं एलेस या इटालियन कंपनीचं आहे. इंग्लंडात शिकणाऱ्या भाच्यानं येताना आणलं. गडद निळं, आडव्या टिपांचं, छातीवर डाव्या बाजूला छोटी अर्धगोल खूण. पुण्याच्या हवेला इतका नेमका बसणारा दुसरा कपडा मला अजून सापडलेला नाही. त्यामागे काय काय आहे ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी थंडीचंच बघू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठाराच्या पश्चिम काठाशी. पावसाळा सरला की हवा कोरडी होते, आकाश निरभ्र होतं. जमिनीनं दिवसभर घेतलेली उष्णता रात्री अडवायला ना ढग असतात ना दमटपणा, त्यामुळे ती सरळ वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उतारानं खाली वाहत सखल भागात साचते. रात्री उशिरा किंवा पहाटे नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी उतरवणाऱ्या प्रत्येकानं हे अंगावर घेतलेलं आहे. भिडे पुलाकडे उतरताना एकदम गारठा लागतो, आणि पलीकडे चढून डेक्कनला आलं की जरा बरं वाटतं. वर्तमानपत्रातल्या आकड्यांतही हा फरक दिसतो. एकाच पहाटे पाषाण आणि शिवाजीनगर गारठलेलं असतं, तर लोहगावचा पारा बराच वर असतो. पर्वतीच्या पायथ्याशी कुडकुडणारा माणूस वर पोचेपर्यंत गळ्याचा मफलर सोडतो. त्यात चढण्याच्या श्रमाचा वाटा आहेच, पण हवेचाही आहे.

हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात. पुण्याच्या थंडीचा नोंदलेला नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश सेल्सिअस. तशी पहाट आता कुणाच्या वाट्याला येत नाही. आपली थंडी सौम्य आहे, कोरडी आहे आणि तिची मुदत चार-पाच तासांची आहे. पण हे चार-पाच तास शहर सर्वांत जास्त राबतं, आणि माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो.

पहाटे बाहेर कोण असतं? दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरवणारे. पेपरच्या पुरवण्या एकात एक घालणारी पोरं. मार्केट यार्डात पोती पाठीवर घेणारे हमाल. झाडूवाल्या बायका. तळजाईवर आणि हनुमान टेकडीवर हात जोरजोरात हलवत चालणारी ज्येष्ठ मंडळी. संगमाजवळ मुळेच्या पाण्यावर सराव करणारी सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या बोट क्लबची मुलं. यातल्या एकालाही हात खिशात घालून उभं राहता येत नाही. सगळ्यांचे खांदे फिरतात, कोपरं वाकतात, मनगटं पाण्यात नाहीतर शाईत बुडतात. या माणसांना ऊब हवी असते ती छातीला आणि पाठीला. हात कामानं आपोआप तापतात. छाती-पोट उबदार राहिलं की शरीर बोटांपर्यंत रक्त मोकळेपणानं पाठवतं. धड गारठलं की ते हातापायांचा पुरवठा आवरतं आणि ऊब आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं. म्हणून हातमोज्यांतही बोटं बधिर असणारा माणूस असतो, आणि उघड्या हातांनी पेपरचे गठ्ठे बांधणारा पण छातीला नीट झाकलेला माणूस तासभर सहज काम करतो.

बाह्या नसलेल्या या कपड्याचं मूळ खेळात आहे, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. खेळाडूचंही दुखणं हेच असतं, गारठ्यात हात वापरायचे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकानं फुग्याच्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या बलूनच्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसं भरून कोट शिवून घेतला होता. बाकीची मंडळी लोकर आणि ट्वीड घालून होती. सुरुवातीला ती त्या कोटाला हसली, आणि वर गेल्यावर तिला त्याचा हेवा वाटू लागला. पुढे अमेरिकेत सिएटलच्या एडी बावरनं मासेमारीच्या एका सहलीत गारठून जीव जाता जाता वाचल्यावर टिपा घातलेलं पिसांचं जाकीट बनवलं. ते बाजारात आलं १९३६ मध्ये आणि त्याचं पेटंट मिळालं १९४० मध्ये. गळ टाकणारा, बंदूक पेलणारा, बर्फावर काठ्या रोवणारा, या सगळ्यांना खांदा मोकळा हवा होता. बाह्या गेल्या त्या या गरजेपोटी.

एलेसची गोष्ट याच रस्त्यावरची. इटलीतल्या पेरूजा गावात १९५९ मध्ये लिओनार्डो सेर्वाडिओनं ही कंपनी काढली. आद्याक्षरं एल आणि एस, त्यांचा इटालियन उच्चार म्हणजेच कंपनीचं नाव. सुरुवात बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या विजारींपासून झाली. सत्तरच्या दशकात त्यांनी गुडघ्यांवर भरण दिलेली विजार काढली. ती इतकी गाजली की १९७९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ती प्रदर्शनात मांडली गेली. नंतर टेनिस आलं. ख्रिस एव्हर्ट आणि बोरिस बेकर हे कपडे घालून खेळले. माझ्या जाकिटावरची अर्धगोल खूण म्हणजे अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू आणि त्यात स्कीची टोकं. ऐंशीच्या दशकात इंग्लंडचे फुटबॉलवेडे तरुण आपल्या संघामागे युरोपभर फिरले आणि येताना असले इटालियन, फ्रेंच खेळाचे कपडे घेऊन आले, त्यामुळे हे ब्रँड मैदानातून रस्त्यावर उतरले. नव्वदच्या दशकात कंपनी ब्रिटनच्या पेंटलंड समूहाकडे गेली. आज ज्याला वारसा म्हणून विकतात तो हा.

वारशाचं मला मोल आहे, पण एका अटीवर. जुन्या कपड्यात जी अक्कल होती ती नव्या कपड्यात उतरलेली असावी. नुसती खूण उतरवून भागत नाही. बाजारात अशी कितीतरी जाकिटं आहेत ज्यांच्यावर छातीभर नाव आहे आणि आत चहाच्या गाळण्यातूनही निघून जाईल एवढंसं भरण. हातात घेऊन दाबलं की दोन्ही बोटं एकमेकांना भेटतात. तसलं जाकीट मी कुणालाही घेऊ देत नाही.

कपडा कसा जोखायचा हे मला आईनं दाखवलं. तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या. भाच्यानं आणलेलं जाकीट पलंगावर होतं. तिनं ते उचललं आणि आधी उलटं केलं. बाहेरची बाजू तिनं बराच वेळ बघितलीच नाही. अस्तरावर तळहात फिरवला, मग अंगठा आणि तर्जनीत एकेक पट्टा धरून वरपासून खालपर्यंत चिमटत गेली. प्रत्येक पट्ट्यात भरण सारखं आहे का, खालच्या टिपेशी गोळा झालंय का, ते तिची बोटं वाचत होती.

"आत काय आहे रे?"

"पॉलिएस्टर. पोकळ धाग्याचं."

"कापूस नाही?"

"कापूस घामानं भिजला की भिजलेलाच राहतो. हे लवकर वाळतं."

ती थांबली. मग दोन पट्ट्यांमधल्या टिपेवर नख ठेवून म्हणाली, "टिपा चांगल्या बारीक आहेत, उसवायच्या नाहीत. पण टिपेखाली काहीच नाही. वारा इथून लागणार."

बाहेरच्या देशांत ही जाकिटं बनवणारे लोक अगदी याच गोष्टीशी वर्षानुवर्षं झगडत आलेत. भरण जागच्या जागी राहावं म्हणून टिपा घालाव्या लागतात, नाहीतर दोन धुण्यांत सगळं घेराशी उतरून बसतं. पण जिथे टीप पडते तिथे वरचं कापड आणि अस्तर एकमेकांना चिकटतात, मध्ये हवा उरत नाही, आणि तेवढी रेघ गार राहते. हिमशिखरांवर नेण्याच्या जाकिटांत म्हणून आरपार टीप घालत नाहीत. वरच्या कापडापासून अस्तरापर्यंत आत पातळ कापडाच्या उभ्या भिंती शिवतात आणि त्या कप्प्यांत पिसं भरतात. ते काम महाग पडतं, वजनही वाढतं. पुण्याच्या थंडीला आरपार टीप पुरते. वाऱ्यात गाडी चालवणाऱ्यानं फक्त पट्टे रुंद आहेत असं बघून घ्यावं, म्हणजे टिपा कमी आणि गार रेघाही कमी.

आईला कळलं ते पिंजाऱ्यामुळे. आमच्या लहानपणी हिवाळ्याआधी गल्लीत पिंजारी यायचा. पिंजणाच्या तातीचा तो घुमणारा आवाज दोन गल्ल्या आधीच ऐकू यायचा. वर्षभर अंगाखाली दबून पत्र्यासारखी झालेली गादी आई उसवून द्यायची. अंगणात कापूस पिंजून झाला की त्याच कापसाचा ढीग तिप्पट दिसायचा. वजन तेच, कापूस तोच, पण त्या रात्री गादी उबदार लागायची. कापसात आता हवा होती. ऊब धरून ठेवते ती ही अडकून पडलेली, न हलणारी हवा. कापूस, पिसं, पॉलिएस्टरचे पोकळ धागे हे सगळे तिला जागेवर धरणारे गडी. पिसांचं मोजमापही असंच करतात. २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली तर किती जागा व्यापतात हे बघतात. चांगल्या प्रतीची पिसं सुमारे १० लिटर जागा भरून टाकतात. तरीही पुण्यासाठी मी पिसांचं जाकीट सुचवणार नाही. पिसं ओली झाली की चिकटून बसतात, वाळायला फार वेळ घेतात, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळ्यात कपाटातली हवा दमट असते.

आपल्याकडे हे ज्ञान होतंच. कापूस भरलेला, टिपा मारलेला डगला आजोबांच्या पिढीला ठाऊक होता. शेतकऱ्याच्या अंगात बिनबाह्यांची बंडी होती, कारण नांगर धरणाऱ्याला आणि मोट हाकणाऱ्याला दंड मोकळे हवेत. मध्ये लोकरीच्या स्वेटरचा काळ आला. दरवर्षी पदपथांवर दुकानं मांडणाऱ्या तिबेटी-नेपाळी विक्रेत्यांनी शहराला रंगीबेरंगी स्वेटर पुरवले, त्यांचे उपकारच आहेत. पण विणलेल्या स्वेटरमधून वारा सरळ आत येतो, आणि पुणं दुचाकीवर चालणारं शहर आहे. म्हणून तर सकाळी सिग्नलला उलटं जाकीट घातलेली माणसं दिसतात. चेन पाठीकडे, पाठ छातीकडे. छातीवर सांध नको, वाऱ्याला फट नको. जुने लोक शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवायचे, तीही याचसाठी. दाट विणीचं वरचं कापड आणि मागे हवेचा थर, एवढं या भरणाच्या जाकिटात आयतं असतं.

त्या दिवशी आईनं तपासणी झाल्यावर जाकीट घातलं. नऊवारीवर, पदर आत घेऊन. चेन लावायला मी पुढे झालो तर म्हणाली, "थांब, मला जमतं." मग ओट्याशी गेली आणि पोळ्या लाटायला लागली. वर्षानुवर्षं हिवाळ्यात मी तिला स्वेटरच्या बाह्या कोपरावर चढवताना बघत आलो होतो. बाही पुन्हा घसरायची, पिठात माखायची, भांडी घासताना भिजायची, आणि मग ओली बाही मनगटाला चिकटून दिवसभर गार लागायची. त्या सकाळी तिचे हात कोपरापासून मोकळे होते आणि लाटणं सरसर फिरत होतं. पुरुषांच्या मापाचं जाकीट खांद्यावर थोडं उतरत होतं, पण त्यानं तिचं काही अडलं नाही. पुढच्याच आठवड्यात तिच्या मापाचं एक आणलं. आता तिच्या मैत्रिणी येऊन त्याचं अस्तर उलटून बघतात.

घ्यायला जाल तर काय बघावं? सगळ्यात आधी मुंढा, म्हणजे हात बाहेर काढायची खांद्याजवळची गोलाई. तो खोल असेल तर गाडीवर काखेतून वारा थेट बरगड्यांना लागतो; फार घट्ट असेल तर खाली शर्ट गोळा होतो आणि मग बाह्या नसल्याचा फायदाच संपतो. हात सरळ वर करून बघा. घेर पोटापर्यंत उचलला गेला तर कपडा आखूड आहे. गाडीवर पुढे झुकल्यावर कंबर उघडी पडायला नको, म्हणून पाठीची उंची पुढच्यापेक्षा थोडी जास्त असलेलं मी पसंत करतो. कॉलर उभी हवी आणि हनुवटीपर्यंत यायला हवी. चेनच्या मागे कापडाची पट्टी आहे ना, ते बघा. ती नसेल तर चेनच्या दातांमधून वारा येतो. खिशांना चेन असलेली बरी, नाहीतर किल्ल्या टेकडीवर राहतात. खूण कुठे आहे, केवढी आहे, हे सगळ्यात शेवटी.

चेनचं म्हणाल तर माझ्या जाकिटाची खालची कडी दुसऱ्या हिवाळ्यात ढिली झाली. नारायण पेठेतले आमचे शिंपीकाका असल्या कामात वाकबगार आहेत. त्यांनी पूर्ण चेन बदलायला नकार दिला. म्हणाले, "दात शाबूत आहेत, रनर झिजलाय. रनर बदलतो, चाळीस वर्षं हेच करतोय." पाच मिनिटांचं काम. ते करताना त्यांनी आणखी एक सांगितलं. अशा कपड्यावर उगाच सुई घालायची नाही, प्रत्येक भोकातून आतला धागा बाहेर डोकावतो. फाटलंच तर रफू करू नका, आतून-बाहेरून पातळ कापडाचं ठिगळ लावा आणि टीप भरणापर्यंत जाऊ देऊ नका. मी त्यांना विचारलं, असं जाकीट तुम्ही शिवाल का? त्यांनी ते हातात तोललं, टिपांमधलं अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणाले, "शिवीन. पण असं हलकं भरण कुठे मिळतं ते तू शोधून आण." मी शोधतो आहे. गाद्यांच्या दुकानांत उशांसाठी पॉलिएस्टरचं भरण मिळतं, ते जरा जाड आणि गोळे होणारं आहे.

धुण्याचं थोडक्यात. गार पाणी, पातळ साबण, हलक्या हातानं. पिळायचं नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण नको, इस्त्री तर बिलकूल नको, धागे वितळून चपटे होतात. सावलीत आडवं पसरून वाळवायचं आणि अर्धवट ओलं असताना तळहातानं थोपटायचं, म्हणजे भरण पुन्हा फुलतं. मार्चमध्ये ठेवताना ट्रंकेच्या तळाशी गोधड्यांखाली दाबून ठेवू नये. हँगरवर, मोकळं. दाबलेल्या गादीचं जे होतं तेच याचंही होतं, आणि याला पिंजून द्यायला कुणी पिंजारी येणार नाही.

निफाडच्या दाजींनी हे जाकीट दिवाळीत बघितलं तेव्हापासून त्यांना तसलंच हवं आहे. मी आधी नको म्हटलं. निफाडची थंडी वेगळी. तिथे पारा पाच अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे बाह्या हव्यातच, असं माझं म्हणणं. दाजींनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे समजावलं. बागेत हात डोक्याच्या वर, मांडवात असतात. जाड बाह्यांच्या जाकिटात अर्ध्या तासात खांदे भरून येतात, आणि तारांना बाही अडकली की घड गळतो. त्यामुळे आत लोकरीचा स्वेटर आणि वरून हे, असं त्यांचं ठरलेलं आहे. त्यांचं बरोबर आहे. स्वेटर ऊब धरेल, जाकीट वारा अडवेल आणि कोपरं मोकळी राहतील. फक्त एक माप मोठं घ्यावं लागेल, आणि मुंढा नेहमीपेक्षा थोडा सैल. या रविवारी दुकानात जाताना त्यांचा जुना स्वेटर सोबत नेतोय, त्याच्यावर घालून बघायला.